मागच्या खोलीतला दुसरा राउटर

ताई शिवणकाम करायच्या, त्यांची धाकटी बहीणही तेच. लग्नानंतर दोघींची गावं लांब पडली. दुपारी व्हिडिओ कॉल लावून, फोन समोर उभा करून त्या आपापल्या मशीनवर बसत. बोलणं जेमतेम, सोबत महत्त्वाची. पण ताईंचं मशीन मागच्या खोलीत, राउटर पुढच्या दाराशी आणि मध्ये दोन जाड भिंती. बहिणीचा चेहरा अर्ध्या वाक्यातच गोठून जाई.

"माझा जुना राउटर देतो," दीर म्हणाले. "वायर ओढायची नाही. दुसरा पहिल्याकडून नेट घेईल आणि पुढे देईल."

ताईंना काडीचंही कळलं नाही, तरी त्यांनी मान हलवली.

दिरांनी मागच्या खोलीत राउटर लावला, फोनवर त्याचं सेटिंगचं पान उघडलं आणि ऐटीत वायफायचं नाव बदललं. त्याच क्षणी घरातलं सगळं नेट गेलं.

"भावजी, काय केलंत?"

"दुसऱ्याचं नाव बदलायला गेलो... बदललं पहिल्याचंच! आता जुनं नाव शोधणारे सगळे फोन तुटले. फोन गुपचूप परत त्याच्यावर गेला होता. दोघांच्या सेटिंगच्या पानाचा पत्ता एकच, पानंही सारखीच. ओळखायचं कसं?"

ताईंनी बहिणीला साधा फोन लावला. ती खो खो हसली. "आमच्याकडेही अस्साच घोळ झाला होता. आधी पहिला बंद करा, मग दुसऱ्याचा पत्ता बदला."

तसं केलं. मग पहिला चालू करून त्याचं जुनं नाव परत दिलं आणि दुसऱ्यात ते निवडून पासवर्ड घातला. तरी दुसऱ्याचा दिवा लाल तो लालच. दिरांनी तीनदा पासवर्ड तपासला, घाम पुसला.

"अगं ताई, ठेवलाय कुठे?" बहिणीने फोनवरून विचारलं.

"मशीनशेजारी."

"जिथे फोनलाच नेट मिळत नाही, तिथे त्याला कुठून मिळणार? मधल्या बोळात आण."

बोळातल्या कपाटावर ठेवताच दिवा हिरवा झाला. दीर असे फुशारले, जणू सगळं ठरवूनच केलं होतं.

ताई मशीनवर बसल्या. बहिणीचा चेहरा लख्ख दिसत होता, पापणीसुद्धा लवताना दिसत होती. तरी ताईंच्या कपाळावरची आठी जाईना.

"पण मी आता नक्की कुठल्या राउटरवर आहे गं?"

"ते राहू दे," बहीण म्हणाली. "तू बाही उलटी जोडते आहेस."