बाई फुटली म्हणे

त्या मारधाडीच्या सिनेमाच्या तिसऱ्या भागात नायक गोळी लागून समुद्रात पडतो आणि पडदा काळा होतो. चौथा भाग कधी येणार, कुणालाच माहीत नाही. म्हणून आम्ही चाहत्यांनी फोनवरच्या ग्रुपमध्ये पुढची गोष्ट स्वतःच लिहायला घेतली. पद्धत अशी की एकाने एक भाग लिहायचा, पुढचा दुसऱ्याने. आधीच्याचं पुसायचं नाही. ग्रुपमध्ये शहरातलेच जास्त. खरं नाव कुणी सांगत नाही.

माझी पाळी आली तेव्हा मी नायकाला थेट आमच्या थळच्या किनाऱ्यावर आणला. पावसाळ्यात आमच्या होड्या वाळूवर ओढून झावळ्यांनी झाकलेल्या असतात. मासळी विकणारी एक बाई त्याला अशाच एका होडीत लपवते, पेज पाजते आणि मागावर आलेल्या गुंडांना “हितं कोन आला न्हाय” म्हणून वाटेला लावते. ही बाई म्हणजे माझी आई. कमरेवर हात ठेवून बोलायची तिची ढब मी जशीच्या तशी उतरवली होती. तिला वाचून दाखवलं तेव्हा ती चक्क लाजली. मग रोज बाजारातून आली की विचारायची, “त्याचं पुढं काय झालं गो?”

पुढचा भाग ग्रुपच्या ॲडमिनने लिहिला. बाई बक्षिसाच्या लोभाने फुटते आणि नायकाला गुंडांच्या हवाली करते. झालं, सगळा ग्रुप टाळ्या पिटायला लागला. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. ही बाई असं कधीच करणार नाही, असं मी लिहिलं. त्याचं उत्तर आलं, “ताई, लॉजिक बघा. पत्र्याच्या घरात राहणारी बाई एवढे पैसे सोडेल का?”

म्हणे लॉजिक. नायक विसाव्या मजल्यावरून उडी मारतो आणि कपडे झटकत उभा राहतो, तेव्हा ह्यांचं लॉजिक कुठे पेंड खात असतं? ते ह्यांना पटतं. गरीब बाई विकली जात नाही, एवढंच काय ते पटत नाही. मी कडाकडा भांडले. तर म्हणतो, पात्रं आपली कुणाचीच नाहीत, मनाला लावून घेऊ नका. नायक नसेल माझा, पण बाई माझी होती.

आईला हे कळू नये म्हणून मी विषय टाळत होते. पण शेजारच्या पोरीने माझ्या फोनवरून तिला सगळं वाचून दाखवलं, त्या उत्तरासकट. संध्याकाळी आई सुके बोंबील निवडत बसली होती.

“तुझा बाप वादळात बुडत होता,” ती म्हणाली, “तवा मुरुडच्या होडीवाल्यांनी त्याला काढला. घरी नेला. त्यांच्या घरावर पन पत्राच होता. नाव इचारलं न्हाय, गाव इचारलं न्हाय, आधी चा पाजला. त्यांना सांग हे.”

मला हे कुणी कधी सांगितलं नव्हतं. मी तिचे शब्द तसेच्या तसे टाइप करून ग्रुपवर टाकले. थोड्याच वेळात ॲडमिनने ते काढून टाकले. कारण दिलं होतं, ‘सिनेमाशी संबंध नाही.’

दुसऱ्या दिवशी टोपली उतरवता उतरवता आईने विचारलं, “काय म्हनली ती मानसं?”

“अजून कुणी वाचलं नाही,” मी म्हटलं.