गाठीचा वळसा

प्रिय ईशान आणि रेवा,

ईशान, गेल्या महिन्यात तू तुझ्या कारखान्यातल्या यंत्राचा व्हिडिओ पाठवलास. संगणकात आकृती भरायची, बटण दाबायचं, आणि पातं आपलं आपण फिरून फळीतून खुर्चीची पाठ कापून काढतं. खाली लिहिलं होतंस, "आजी, बघ, माणसाचा हात कुठेच लागत नाही." मी तो व्हिडिओ पुन्हा पुन्हा पाहिला आणि उत्तर दिलं नाही. रेवा, तू फोनवर विचारलंस की आजी गप्प का. ते फोनवर सांगण्यासारखं नव्हतं. त्यातच परवा कळंबहून निरोप आला, किसनअप्पा गेले. आता मी जे सांगणार आहे ते डोळ्यांनी पाहिलेलं माझ्याशिवाय कुणी राहिलेलं नाही. म्हणून आत्ताच लिहिते आहे. मराठीत लिहिते, कारण कौसाबाई इंग्रजीत बोलू लागल्या तर त्या कौसाबाई राहणार नाहीत. अडलं तर आईला विचारा.

कौसाबाईंची माझी पहिली आठवण त्यांच्या पदराची आहे. बाजारतळाच्या मागे पत्र्याची शेड होती, सुतारांच्या सहकारी संस्थेची. तिथे यंत्रासमोर उभी राहून एक बाई काम करत होती. काम करता करता तिने हात मंद केला, डाव्या हाताने डोक्यावरचा पदर नीट पुढे ओढला, क्षणभर मान खाली घातली आणि मग पुढे चालू झाली. घरात वडीलधारं माणूस आलं की बाया पदर सारखा करतात, तसं. मी दाराकडे पाहिलं. कुणीच आलं नव्हतं. पुढच्या फळीला त्याच जागी पुन्हा तेच.

मला तिथे बोलावलं होतं ते यंत्राचं इंग्रजी पुस्तक वाचून दाखवायला. तुमचे आजोबा तेव्हा कळंबला जनावरांचे डॉक्टर होते आणि मी मुलींच्या शाळेत इंग्रजी शिकवत होते. संस्थेचे चेअरमन किसनअप्पा स्वतः सुतार, दणदणीत आवाजाचे. म्हणाले, "बाई, ह्यो गडी विलायती बोलतोय. त्याला काय दुखतंय खुपतंय ते तेवढं इचारून सांगा."

ते यंत्र नक्कल करणारं होतं. सुतार त्याला 'नकल्या' म्हणत. एका बाजूला नमुन्याची फळी, दुसऱ्या बाजूला कोरी. मधे लोखंडी दांडा. दांड्याच्या एका टोकाला बोथट खिळा, दुसऱ्या टोकाला गरगर फिरणारं पातं. हाताने खिळा नमुन्याच्या कडेला टेकवून फिरवायचा, की पातं कोऱ्या फळीवर तीच वाट कापत जातं. तुझ्या यंत्राचा हा आजोबाच म्हण, ईशान. फक्त त्याला आकृती संगणकातून नाही, लाकडातून वाचावी लागे.

पुरुष सुतार त्याला हात लावायला तयार नव्हते. "हे काय सुतारकाम हाय व्हय? पोरीनं पाटीवर गिरवल्यावानी गिरवत बसायचं!" म्हणून ते काम बाईकडे आलं. कुणी 'गिरवणाऱ्या बाई' म्हणून चिडवलं की कौसाबाई मान वर न करता म्हणत, "गिरवतीया. पन कुणाचं गिरवतीया ते बगा की."

तो नमुना त्यांच्या नवऱ्याने केलेला होता. विश्वनाथ मिस्त्री. बहात्तरच्या दुष्काळात कुणी तिफण करायला टाकेना, की बैलगाडी. बैलच राहिले नव्हते. मिस्त्री दुष्काळी कामावर खडी फोडत आणि आठवड्याच्या सुट्टीला येऊन शेडमध्ये बसत. यंत्र यायचं होतं, त्यासाठी खुर्चीच्या पाठीचा पहिला नमुना त्यांनी जुन्या सागवानातून कोरला. कोरताना कडेला एक गाठ लागली. गाठीवर पटाशी मारली असती तर फळी उकलली असती, म्हणून त्यांनी गाठीला वळसा घातला. त्या जागी कड किंचित फुगलेली राहिली. नमुना अप्पांच्या हातात दिला आणि म्हणाले, पुण्याकडे काम मिळतंय म्हणतात, बघून येतो.

ते आले नाहीत. पत्र नाही, निरोप नाही. अप्पा स्वतः पुण्याला जाऊन आले. जिथे जिथे सुतार राबत होते तिथे तिथे विचारलं. कुणी म्हणालं, असा माणूस पाहिला होता. कुणी म्हणालं, नाही. पाऊस पडला, पिकं आली, बैल पुन्हा बाजारात दिसू लागले. मिस्त्री नाहीत.

पदराबद्दल मी विचारलं तेव्हा आमची बरीच ओळख झाली होती. त्यांनी माझा हात धरून दांड्यावर ठेवला, वर आपला ठेवला. खिळा सुरळीत सरकत होता. मग एका जागी दांडा आपोआप बाहेर ढकलला गेला, जणू पलीकडून कुणी हलकेच कोपर लावलं. 

"कळलं का?" त्या म्हणाल्या.

"गाठीची जागा," मी म्हणाले.

"गाठ तिकडं नमुन्यात हाय. ह्या फळीत कुठं हाय गाठ? तरी बी वळसा पडतोय. हितं मिस्त्री येत्यात, बाई. येत्यात, हात हलवत्यात, जात्यात."

त्यांच्या कपाळावर रुपयाएवढं कुंकू असे. गल्लीत त्यावरून बोलणं होई. त्यांची जाऊ तर तोंडावर म्हणे, "किती दिस मिरवणार हायेस? गेलं माणूस. बांगड्या उतरव, मोकळी व्हय." कौसाबाई शांतपणे विचारत, "गेलं? मग माझ्या हाताला रोज कोन धक्का देतंय?" वेड्या नव्हत्या त्या. बाजारात भाजीवालीकडून फसत नसत, संस्थेच्या सभेत अप्पांना अडवत. पण या एका प्रश्नापाशी त्यांचं सगळं उभं होतं. तो वळसा आहे तोवर कुंकू आहे.

मग माल तपासायला सरकारी साहेब आले. सरकारी शाळांसाठी खुर्च्यांचं मोठं काम संस्थेला मिळालं होतं. ते हातचं गेलं असतं तर शेडला कुलूप लागलं असतं, आणि सगळी घरं पुन्हा खडीवर गेली असती. साहेबांनी ओळीने मांडलेल्या पाठींवरून बोट फिरवलं. एकीवर थांबले, दुसरीवर थांबले, आणि हसायला लागले.

"अहो चेअरमन, तुमच्या सगळ्याच खुर्च्यांना टेंगूळ कसं? तेही एकाच ठिकाणी!"

"पैल्या मिस्त्रीची खूण हाय साहेब," अप्पा म्हणाले.

"खूण देवळाला ठेवा. हे काढा, नाहीतर मी माल परत पाठवीन."

साहेब गेल्यावर शेडमध्ये कुणी कुणाकडे पाहीना. नमुन्यावरचा फुगवटा कानशीने घासला की काम संपलं. अप्पांनी कानस उचलली आणि तशीच हातात धरून उभे राहिले. शेवटी म्हणाले, "वैनी, सगळ्यांची चूल हाय."

"मला दिसतंय की," कौसाबाई म्हणाल्या. "द्या हिकडं. दुसऱ्या कुणाचा हात लावायचा न्हाय."

त्या नमुना मांडीवर घेऊन बसल्या. बाळाचे केस कापावेत तसं हलक्या हाताने घासत राहिल्या. भुसा पदरात धरला, खाली सांडू दिला नाही. कड सरळ झाली. मी बोट फिरवून पाहिलं. गाठीचा डाग दिसत होता, पण बोटाला काही लागत नव्हतं. त्या उठून यंत्रापाशी गेल्या. नमुना बसवला, कोरी फळी लावली, दांडा धरला. ती जागा आली. या वेळी त्यांनी पदर ओढला नाही. डोळे मात्र मिटले.

पात्याचा आवाज क्षणभर बदलला.

फळी बाहेर काढली. टेंगूळ होतं. त्याच जागी, तेवढंच.

"नमुना नीट घासला न्हाय," एक जण म्हणाला. अप्पांनी नमुना तपासला. मग स्वतः दांडा धरून एक पाठ कापली. सरळ आली. पुन्हा कौसाबाईंनी कापली. टेंगूळ. एरवी चेष्टा करणारे सुतार मागे सरकले होते. एकाने हळूच चपला काढल्या.

"वैनी, हात उचलू नगा की," अप्पा म्हणाले.

"म्या न्हाय उचलत अप्पा. उचलला जातोय. शपत."

मी पुढे होऊन त्यांच्या हातावर हात ठेवला. मुलांनो, मी भुताखेतांवर विश्वास ठेवणारी नाही. हाताला सवय लागते, जिथे पूर्वी धक्का बसायचा तिथे तो आपोआप मागे येतो, हे मला तेव्हाही समजत होतं आणि तुमच्या आजोबांनी घरी नीट समजावूनही सांगितलं. ते बरोबरच असेल. पण माझ्या हाताखाली त्यांचा हात सैल होता. ओढण्याचा जोर त्यात नव्हता. आणि तरीही दांडा बाहेर सरकला. मी हात काढून घेतला. पुन्हा कधी ठेवला नाही.

अप्पांनी यंत्र दुसऱ्याला देऊन पाहिलं. पण कौसाबाईंच्या हाताची सफाई कुणाला येईना. कुठे पातं खोल जाई, कुठे फळी जळे. शेवटी एक रीत आपोआप पडली, कुणी ठरवली नाही. कौसाबाई कापत, पाठ पलीकडे जाई, आणि पलीकडे बसलेला सुतार कानशीने ते टेंगूळ घासून टाकी. आळीपाळीने सगळे बसत, अप्पाही. साहेबांनी माल घेतला. पुढे आणखी कामं आली. वर्षानुवर्षं ती शेड असंच काम करत राहिली. इकडून वळसा येई, तिकडे तो पुसला जाई. कौसाबाई पुन्हा पदर ओढू लागल्या होत्या. मला एकदा म्हणाल्या, "आदी ते लाकडात ऱ्हायचे. आता त्यांना जागा उरली न्हाय, म्हून माज्यात आलेत."

ऐंशीनंतर कधीतरी त्यांची छाती भरू लागली. लाकडाचा भुसा असेल. शेवटपर्यंत कामावर गेल्या, आणि एका सकाळी उठल्याच नाहीत. मी पोचले तेव्हा अंगणात बाया जमल्या होत्या आणि जाऊबाईंचा आवाज चढला होता. प्रश्न साधा होता. सवाष्ण म्हणून न्यायचं, हिरवं लुगडं, मळवट, ओटी भरून? की विधवा म्हणून, कोऱ्या कपाळाने?

"विश्वनाथदादा जाऊन इतकी वर्सं झाली. लोक हसतील," जाऊबाई म्हणत होत्या. एकीने तर ओलं फडकं हातात घेतलं होतं, कपाळ पुसायला.

किसनअप्पा संस्थेच्या माणसांसह दारात उभे होते. ते आत आले.

"ते फडकं ठिवा खाली."

"अप्पा, तुमी ह्या बायकांच्या गोष्टीत..."

"ही बायकांची गोष्ट न्हाय. विश्वनाथ आमच्या संस्थेचा सभासद हाय. काल दुपारपत्तर त्यो कामावर हुता. आमी समदे त्याच्या मागं बसून कानस मारत हुतो." त्यांनी मागे वळून पाहिलं. "व्हय का न्हाय रे?"

"व्हय," एक जण म्हणाला. मग दुसरा. मग सगळे.

"मेलेल्या मानसाच्या कामाला रोज कानस लागत नस्ती. हिरवं लुगडं आना."

जाऊबाईंनी स्वतःच करंड्याचं झाकण उघडलं आणि कौसाबाईंच्या कपाळभर मळवट भरला. ओटी मी भरली. आदल्या दिवशी त्यांनी कापलेल्या पाठी शेडमध्ये तशाच पडून होत्या. त्या कुणी घासल्या नाहीत. तशाच खुर्च्यांना लावल्या.

संस्था पुढे बंद झाली. नकल्या भंगारात गेला. नमुन्याची फळी कुठे गेली ते अप्पांनाही माहीत नव्हतं. न घासलेल्या त्या खुर्च्यांपैकी एक कळंबच्या माझ्या जुन्या शाळेच्या वाचनालयात आहे. तिच्या पाठीच्या डाव्या कडेवर टेंगूळ आहे. आतलं लाकूड सरळ आहे, त्यात गाठ नाही.