बोक्याने बुडवलेले शब्द

बाबा गेले त्या उन्हाळ्यात मी त्यांचा वऱ्हाडी शब्दांचा कोश लॅपटॉपवर पुरा करत होतो. आजारपणात ते अंथरुणावरून सांगत गेले आणि मी टाइप करत गेलो. दुसरी प्रत नव्हती.

एका दुपारी कूलरमध्ये ओतायची बादली मी टेबलावर ठेवली. तेवढ्यात खिडकीतून गल्लीतला बोका आला आणि त्याने बाबांच्या मांजरीची मान पकडली. एकमेकांना ओरबाडत, केकाटत दोघं टेबलावर चढले. बादली कलंडली. लॅपटॉप पाण्यासकट फरशीवर आपटला. बोका पळाला. भिंतीवर रक्ताचे शिंतोडे राहिले.

पुढे अकोल्याच्या दुरुस्तीवाल्याचा फोन आला, "सर, काहीच निघत नाही."

ते ऐकताच काका काठी घेऊन मांजरीवर धावले. ती कपाटाखाली शिरली. काका काठी आत खुपसू लागले.

"निघ बाहेर, भैताडे! माह्या भावाचं सारं बुडवलं तुनं! टोंगये फोडतो तुह्ये!"

आतून मांजर किंचाळली. मी काठी धरली.

"काका, त्यांची मांजर आहे ती."

"सोड! काहून धरून राहिला?"

टोंगये म्हणजे गुडघे. तो शब्द सांगताना बाबांनी दुखऱ्या पायावर हात ठेवला होता.

"काका, अजून शिव्या द्या," मी म्हणालो.

"बयाड झाला काय बे तू?"

बयाड म्हणजे वेडा. तोही फाइलमध्ये होता. काठी न सोडता मी दुसऱ्या हाताने खिशातलं पेन चाचपू लागलो.