अवीचा कंट्रोल डेक

आमच्या ग्रुपचे किस्से कुणाला जमवावे लागत नाहीत, ते आपोआप साचतात. पत्ते खेळणारा माणूस हरला तरी स्वतः कधी हरत नाही ना! पत्ते वाईट आले, नीट पिसले नव्हते, पंखा बरोबर डोक्यावर होता, समोरचा नशीबवान निघाला. नऊ वर्षं दर रविवारी ही कारणं ऐकल्यावर माझ्याकडे दुसरं काय साचणार?

पत्ते म्हणजे रमी नव्हे. बाजारात हजारो कार्डं मिळतात, कशावर राक्षस, कशावर मंत्र. त्यातली साठ निवडून प्रत्येकाने आपला डेक बांधायचा आणि समोरच्याचे वीस गुण शून्यावर आणायचे. भोपाळच्या बरखेड्यात एका कोचिंग क्लासची वरची खोली रविवारी दुपारी रिकामी असते, तिथे आम्ही बसतो. आम्ही म्हणजे चौघं. मी मिसरोदला राहतो आणि मंडीदीपच्या एका कंपनीत क्वालिटी बघतो, म्हणजे दुसऱ्यांच्या चुका काढण्याचा मला पगार मिळतो. मुग्धा ग्वाल्हेरची, शाळेत फिजिक्स शिकवते. रिझवानभाईचं चष्म्याचं दुकान आहे. आणि चौथा अवी.

अवीचे वडील साताऱ्याहून इथल्या मोठ्या सरकारी कारखान्यात आले, अवीही तिथेच इंजिनिअर झाला. यंदा त्याची बदली झारखंडमधल्या एका साइटवर झाली. तिथे हा खेळ खेळणारं चिटपाखरू नाही. त्याआधी नागपूरची मोठी स्पर्धा होती, आणि भोपाळमधून तिथे एकच खेळाडू जाणार होता. तीन वर्षं अवीची ही जागा थोडक्यात हुकली होती. ही शेवटची संधी, हे तो स्वतः सांगायचा, आणि आपण विसरलो असू तर पुन्हा सांगायचा.

ती जागा मलाही हवी होती. हे आधीच सांगून टाकतो, नाहीतर पुढचं सगळं मी निव्वळ अक्कल पाजळायला सांगतोय असं वाटेल.

* * *

तर जानेवारीत अवीने जाहीर केलं, "यंदा कंट्रोल डेक."

कंट्रोल डेक म्हणजे काय, तर समोरच्याला काही करूच द्यायचं नाही. त्याने राक्षस आणला, मारून टाका. मंत्र टाकला, रद्द करा. तो पार गळून गेला की मग शेवटी आपलं एखादं मोठं जनावर सावकाश बाहेर काढायचं आणि त्याला संपवायचं. चांगल्या माणसाच्या हातात हा डेक बघण्यासारखा असतो. अवीच्या हातात तो तहसील कचेरीसारखा चालायचा.

पहिल्या डावात रिझवानभाईने ओळीने सात कार्डं टाकली. अवीने सातही अडवली. रिझवानभाईने पत्ते खाली ठेवले आणि विचारलं, "को खां, तुम खेल रिये हो के रोक रिये हो?"

"रोकना ही खेल है भाई," अवी म्हणाला.

"तो फिर मेरे को काय को बुलाया? अकेले बैठ के रोक लेते."

* * *

डेक बांधायचा तर पद्धतशीर बांधायचा, म्हणून अवीने मीटिंगा सुरू केल्या. लॅपटॉपवर शीट, शीटला आवृत्ती क्रमांक, मीटिंगचा वृत्तांत. सरकारी कारखान्यातला माणूस पिकनिकलाही अजेंडा घेऊन जातो, हे मी ऐकलं होतं. आता पाहिलंही.

एका रविवारी विषय एकच होता: सदतिसावं कार्ड कुठलं? जेवण झाल्यावर बसलो ते संध्याकाळचा चहा येईपर्यंत. अवीने दोन्ही बाजूंनी स्वतःच मुद्दे मांडले, स्वतःच खोडले. शेवटी वृत्तांतात लिहिलं, "सदस्यांनी यावर विचार करावा."

मुग्धा पर्स उचलत म्हणाली, "आमच्या शाळेत गॅदरिंगचा प्रमुख पाहुणासुद्धा याच्याआधी ठरतो. आणि तो येतोही."

* * *

मग टेस्टिंग. रिझवानभाईचा डेक म्हणजे धडाधड हल्ला. विचार नाही, थांबणं नाही, चार-पाच चालींत निकाल. त्याने अवीला ओळीने तीन वेळा झोपवलं. अवीने शीट उघडली आणि या तीन डावांपुढे लिहिलं, "ग्राह्य नाही."

मी विचारलं, "का रे?"

"यात माझा डेक सुरूच झाला नव्हता."

"तो सुरू होऊ नये म्हणूनच रिझवानभाई घाई करतोय ना?"

"मग ते टेस्टिंग कसलं? मला माझा डेक चालतोय तेव्हा कसा चालतो ते बघायचंय."

त्याने रिझवानभाईला विनंती केली की जरा हळू खेळ. रिझवानभाई भला माणूस, हळू खेळला. महिन्याभरात शीट वरपासून खालपर्यंत हिरवी झाली. मुग्धाने ती पाहिली आणि म्हणाली, "माझ्या वर्गात असं प्रॅक्टिकल केलं तर मी जर्नलवर सही करत नाही." अवीला ते कौतुक वाटलं की काय कोण जाणे, त्याने शीटचा प्रिंटआउट काढून भिंतीवर लावला.

* * *

मार्चमध्ये अवीला नवा शोध लागला: कार्डांच्या प्लॅस्टिकच्या कव्हरांवर तेलकट मळ बसतो. टेबलावर पोहे बंद. जलेबी तर दाराबाहेरच. भोपाळमध्ये रविवारी पोहे-जलेबी बंद करणाऱ्या माणसावर खरं तर कलम लागलं पाहिजे.

एवढ्यावर भागलं नाही. त्याने रिझवानभाईच्या दुकानातून काच पुसायचा स्प्रे आणला आणि कव्हरं एकेक करून चोळली. अर्धी पुसून झाल्यावर स्प्रे संपला. झालं असं की अर्ध्या कार्डांच्या पाठी चकचकीत आणि अर्ध्यांच्या मळकट. म्हणजे उलटं ठेवलेलं कार्ड कुठलं, हे खोलीच्या दारातूनही ओळखू येत होतं. स्पर्धेत अशा डेकला थेट बाहेर काढतात.

रिझवानभाईने चष्मा कपाळावर चढवून एक कार्ड उजेडात धरलं. "मियां, चालीस साल की दुकान में किसी ने इतनी मेहनत से बेईमानी नहीं की."

अवीने त्या दिवशी नवी कव्हरं आणली. पोह्यांवरची बंदी मात्र उठली नाही.

* * *

एकदा खोली मिळाली नाही म्हणून अवीच्या क्वार्टरवर बसलो. त्याचे वडील, आम्ही त्यांना काका म्हणतो, पेपर बाजूला ठेवून आमच्याजवळ येऊन बसले. कारखान्यात त्यांनी युनियनचं काम केलेलं, त्यामुळे भांडण कुठलंही असो, ते मन लावून बघतात. पाऊण तास त्यांनी माझा आणि अवीचा डाव पाहिला. मी कार्ड टाकायचो, तो अडवायचा.

शेवटी काका म्हणाले, "हे आम्ही करायचो रे. नियमावर बोट ठेवून काम. एकही नट पुढे सरकू द्यायचा नाही."

अवी खूश झाला. "मग? जमलंय ना बाबा?"

"जमलंय. पण आमची मागणी आधी लिहून दिलेली असायची. तुझी काय आहे?"

अवी म्हणाला, "बाबा, तुम्हाला नाही कळायचं." काकांनी पेपर पुन्हा उचलला.

* * *

आता भोपाळच्या निवड स्पर्धेचा दिवस. इथे जिंकेल तो नागपूरला जाणार.

डेकमध्ये जिंकून देणारं ते मोठं जनावर असतं म्हणालो ना, आम्ही त्याला हत्ती म्हणायचो. एकदा बाहेर आला की चार चालींत समोरचा खलास. सुरुवातीला अवीच्या डेकमध्ये तीन हत्ती होते. पण हातात हत्ती आला की तो हळहळायचा, "इथे अडवायचं कार्ड आलं असतं तर!" एप्रिलपर्यंत एकच उरला. आणि गंमत म्हणजे त्याची गरजही पडत नव्हती. बाहेरून खेळायला येणारी पोरं वीस मिनिटं अडवणूक सोसायची आणि हात वर करायची. कुणाचा क्लास, कुणाची बस. "शेवटपर्यंत बसतं कोण?" अवी म्हणायचा.

सकाळी प्रत्येकाने आपल्या साठ कार्डांची यादी लिहून द्यायची असते. ती दुसऱ्याकडून तपासून घ्यायची आमची पद्धत आहे, कारण यादीत चूक सापडली तर डाव जातो. अवीने त्याची यादी माझ्याकडे दिली. मी मोजली. साठ बरोबर होती. हत्ती नव्हता. त्या जागी आणखी एक अडवायचं कार्ड होतं.

क्वालिटीवाला माणूस मी. दिसलं नाही असं म्हणायची सोय नाही. विचारलं असतं तर त्याने बदललं असतं, अजून दहा मिनिटं होती. मी म्हणालो, "साठ आहेत," आणि सही केली. मला ती जागा हवी होती, हे वर सांगितलंच आहे. त्यात अभिमान वाटण्यासारखं काही नाही.

मी दुसऱ्याच फेरीत गारद झालो. अवी मात्र जिंकत गेला. चार फेऱ्या, चार पोरं, चौघांनी कंटाळून हात वर केले. अंतिम डाव सुरू झाला तेव्हा तो माझ्याकडे बघून हसला.

समोर बसल्या सक्सेना आंटी. पासष्टीच्या, एका सरकारी कार्यालयातून निवृत्त. मुलगी परदेशी गेली आणि तिची कार्डं घरात राहिली, म्हणून त्या शिकल्या. त्यांनी खुर्चीवर घरून आणलेली उशी ठेवली, बाजूला थर्मास ठेवला, पदर खोचला आणि म्हणाल्या, "शुरू करो बेटा."

अंतिम डावाला वेळेची मर्यादा नव्हती. एकच गोष्ट होती: चाल आली की गड्डीतून एक कार्ड उचलावंच लागतं, आणि उचलायला कार्ड उरलं नाही तर माणूस हरतो. सहसा तिथपर्यंत कुणी पोचत नाही.

आंटींनी कार्ड टाकलं. अवीने अडवलं. "अच्छा," आंटी म्हणाल्या. दुसरं टाकलं, अडवलं. "अच्छा." अर्धा तास झाला, तास झाला. आंटींच्या चेहऱ्यावर कंटाळा नाही, राग नाही. अवी मात्र अडवायची कार्डं हाती यावीत म्हणून मंत्र वापरून चालीमागे दोन-दोन उचलत होता. मुग्धाने माझ्या कानात विचारलं, "हत्ती कधी काढणार हा?"

दीड तासाने आंटींनी चष्मा पुसला, अवीच्या गड्डीकडे पाहिलं, मग स्वतःच्या.

"बेटा, रोका तो तुमने बहुत अच्छा. मेरा एक भी नहीं चला. पर तुम्हारे छह पत्ते बचे हैं और मेरे उन्नीस. तुम जीतोगे किससे?"

अवीने हातातली कार्डं पाहिली. मग गड्डी पाहिली. मग मान वळवून माझ्याकडे पाहिलं.

आंटींनी थर्मासच्या झाकणात चहा ओतला आणि त्याच्यापुढे सरकवला.

"पी लो. अभी छह चालें बाकी हैं."