ताईसाठी उलटा टांगलेला माईक

सगळे त्याला वीतवाले म्हणत. गाणारा कितीही मोठा असो, हा गडी त्याच्या ओठांसमोर अंगठा धरून करंगळी माईकपर्यंत ताणणार, म्हणजे ताणणारच. मध्ये जाळी, माईक नाकाच्या उंचीला, जरासा खाली वाकलेला. म्हणजे ‘प’, ‘फ’ म्हणताना सुटणारी फुंकर थेट आत घुसत नाही. घराच्या मागच्या खोलीत भिंतींना जुने गालिचे ठोकून त्याने हा रेकॉर्डिंगचा संसार थाटला होता, आणि तो बरा चालला होता. कुणी माईक गिळायच्या बेताने गायला लागला, की मात्र स्वारीचा चेहरा कडू व्हायचा.

मग थोरल्या बहिणीच्या गळ्यात गाठ निघाली. ऑपरेशननंतर आवाज राहणार नाही, असं डॉक्टरांनी तोंडावरच सांगितलं. आईच्या माघारी ह्याला ताईनेच वाढवलेलं. रात्री गाऊन झोपवलं आणि सकाळी बदडून शाळेत धाडलं. ते झोपवायचं गाणं आपण धरून ठेवू, असं ह्यानेच काढलं. गळा एकदा साथ देईल, फार तर.

ताई भाऊजींना घेऊन आली. तिला उभं राहवेना, म्हणून खुर्ची दिली. स्टँडचा पाय तिच्या गुडघ्यांना आडवा येई, तेव्हा ह्याने तो मागे सरकवला आणि माईक वरून उलटा टांगला. वीत मोजली, जाळी लावली. भाऊजी समोरच्या भिंतीपाशी बसले. ताईने सूर लावला आणि ह्याने हेडफोन काढून ठेवले. जन्मभर लोकांचे आवाज तारेतून ऐकले, हा एक तरी नुसत्या कानांनी ऐकावा, असं त्याला फार वाटलं. पडद्यावरची रेघ हलत होती, तेवढ्यावर त्याने भागवलं.

गाणं संपलं. लावून पाहिलं, तर ताई कुठेतरी विहिरीच्या तळाशी, आणि भाऊजींच्या खुर्चीची करकर मात्र खणखणीत. ह्या माईकला तोंड असतं. ते जिकडे, तिकडचंच तो नीट ऐकतो. टांगताना ते भाऊजींकडे फिरलं होतं. नवशिक्यांनी ही चूक केली, की हाच त्यांची सालटी काढायचा.

त्याने माईक फिरवला, रेकॉर्डिंग पुन्हा सुरू केलं. ताईने तोंड उघडलं, पण गाण्याच्या जागी नुसती हवा आली. तेव्हा तो तिथेच हुंदके देऊन रडला.

“रडतोस काय, बावळटा?” ताई घोगऱ्या आवाजात म्हणाली. “लहानपणी चपला उलट्या घालायचास, आता माईक उलटा टांगतोस. आधी नाक पूस. आणि जेवलायस का? वाळून काटकी झालायस नुसता. माझं व्हायचं ते होईल, तुझ्याकडे कोण बघणार रे?”

ऑपरेशन नीट पार पडलं. आवाज गेला, ताई राहिली. हिंडूफिरू लागल्यावर दोघं पुन्हा त्या खोलीत येऊन बसली. ह्याने भीतभीतच गाणं लावलं. भाऊजींनी थोडं ऐकून हात केला.

“ते राहू दे. ती तुला झापते, ते लाव.”

त्याने लावलं. एका वितीवरून बोलावी तशी ताई खोलीभर बोलू लागली. जेवलायस का, असं स्पीकरमधून आलं आणि तो सवयीने “हो ताई, जेवलो” म्हणाला. शेजारच्या खुर्चीतली ताई त्याच्याकडे बघत राहिली. मग उठली, त्याचा कान धरला आणि त्याला स्वयंपाकघरात घेऊन गेली.