शेवटच्या वळणावरचा आवाज

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं न्हाई. सरपंच, कंडक्टर, पीटीचे सर — सगळ्यांचे आवाज गावानं माझ्या तोंडून ऐकलेत. पण ही गोष्ट माझ्याच आवाजात कवा निघालीच न्हाई. तुमाला सांगतो. हसू नका. न्हाई, हसा — सवय हाय मला.

आमचं गाव वडवणीकडं. मनीषा माझ्याच वर्गातली. हेप्टॅथलॉन खेळायची — दोन दिवसांत सात खेळ: अडथळे, उंच उडी, गोळा, दोनशे मीटर, लांब उडी, भाला, अन् शेवटी आठशे. तिला पळायला लावलं तिच्या आप्पांनी. बांधावर बसून वरडायचे, "मने, गुडघे उचल गं ए!" तंबाखूनं घासलेला आवाज. तो मी काढला की वर्ग लोळायचा. मनीषा बी.

पण आप्पांनी तिला मैदानावर कवाच बघितलं न्हवतं. स्पर्धा हिवाळ्यात, अन् तवा आप्पा कर्नाटकात, ऊस तोडायला.

त्या साली बीडला राज्यासाठी निवड होती. सहा खेळ झाले, मनीषा लई पुढं. आठशेत दुसऱ्या नंबरच्या पोरीच्या मागंमागं राहिली तरी बास होतं. मी मैदानाच्या जाळीपाशी, बीडच्या दोस्तांसंग. एक जण मनला, "काढ बे तिच्या बापाचा आवाज."

इचार तरी केला का मी? शेवटच्या वळणावर ती आली अन् मी बोंबललो, "मने, गुडघे उचल गं ए!"

वाटलं, हसंल. जोर लावंल.

ती थांबली. पळता पळता माणूस असं थांबतं का हो? जाळीकडं वळली, एकेक तोंड बघायली. "आप्पा?" पोरी एकामागं एक पुढं गेल्या. सर वरडायले.

पण मी सांगायलोय ते हे न्हाई. ही तर खोडी होती. खरं ते पुढं हाय.

ती शेवटून पहिली आली. दोस्त तवर पांगले होते. धापा टाकत माझ्याकडंच आली, एका पायातला बूट सुटलेला. "आप्पा कुठंयत रे? आवाज ऐकला मी."

मी काढला असंल, हे तिच्या डोक्यात बी आलं न्हाई. तिला आप्पाच पाहिजे होते ना.

अन् मी — मी मनलो, "आत्ताच गेले. ऊसतोडीचा ट्रक थांबला होता."

"मला न भेटता? कावून?"

मी खांदे उडवले.

खांदे उडवले हो! ती खाली बघत मनली, "हारले मनून." मी तिच्या सुटलेल्या बुटाकडं बघायलो.

ती परत मैदानावर गेलीच न्हाई. बूट धाकट्या पोरीला देऊन टाकले. लग्न होऊन चौसाळ्याला गेली.

मागच्या महिन्यात वडवणीच्या बाजारात आप्पांनी माझा हात धरला. "लेका, तू तिथं होतास ना? सांग की पोरीला, मी आलोच न्हवतो. ती मला खोटारडा मनती. धड बोलत न्हाई माज्याशी."

कोयत्यानं घट्टे पडलेला हात. सोडंचना.

मी मनलो, "मला काय याद न्हाई, आप्पा."

याद हाय. कोणत्या पायातला बूट सुटला होता, ते बी याद हाय. डाव्या. चौसाळा काय लांब न्हाई. मी गेलो न्हाई.