सुभेदारांना काय हवं होतं

बऱ्या न होणाऱ्या आजारात वेदना कशा शमवायच्या, हे आम्हा डॉक्टरांना शिकवायला आमच्या लष्करी रुग्णालयात एक डॉक्टरीणबाई आल्या. व्याख्यान न देता त्या माझ्या रुग्णाजवळ, कर्करोगाने खंगलेल्या निवृत्त सुभेदारांच्या खाटेवर जाऊन बसल्या.

"सुभेदारसाहेब, तुम्हाला आता काय हवंय?"

"दुखणं कमी करा, मॅडम. आणि किती दिवस उरलेत ते खरं सांगा. बायकोशी बोलायचं राहिलंय."

चार महिने मी त्यांना तपासत होतो, पण हे विचारायचं मला सुचलंच नव्हतं. मरणाबद्दल इतकं शांत बोलणारा माणूस मी प्रथमच पाहत होतो. त्याच दुपारी मी त्यांना बाईंच्या हाती सोपवलं. दुखणं आवरलं, सुभेदार घरी गेले.

तीन आठवड्यांनी त्यांच्या पत्नीचा फोन आला. "गेले हो. पण चाळीस वर्षांत बोलले नव्हते, एवढं बोलून गेले."